भाकरीचं फूल

हंगामी फुलं लावणारा माळी म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "वर्षभर टिकतील अशी झाडं का नाही लावत?" लोणावळ्याच्या बंगल्यांवर मी बत्तीस वर्षं बागकाम केलं आणि या प्रश्नाला बत्तीस तऱ्हांनी उत्तरं दिली. खरं उत्तर एवढंच, की मला हीच आवडतात. गुलाब, जास्वंद, मोगरा एकदा लावले की घरातल्या माणसांसारखे होऊन जातात. झिनिया, पिटुनिया, फ्लॉक्स, कॉसमॉस यांचा सगळा संसार चार-पाच महिन्यांचा. बी पेरायचं, रोप व्हायचं, फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं. दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात. आणि दर वर्षी काहीतरी असं घडतं की त्याचं कारण शोधत बसावं लागतं. मला ते शोधणं फुलांइतकंच आवडलं.

मी टाकवे बुद्रुकचा. सकाळी कान्हे स्टेशनवर लोकल धरायची, लोणावळ्याला उतरायचं आणि चार-पाच बंगले करून संध्याकाळी घरी यायचं, असा माझा क्रम होता. लोणावळ्याचा पाऊस पाहिलेल्या माणसाला सांगायला नको, की आषाढ-श्रावणात तिथं पिटुनिया लावणं म्हणजे बी गटारात टाकणं. म्हणून आमचा खरा हंगाम दसऱ्यानंतर. जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करायचा, म्हणजे पाणी साचत नाही. पिटुनियाचं बी तपकिरीच्या चिमटीसारखं बारीक असतं, ते कोरड्या वाळूत मिसळून पेरायचं, नाहीतर एकाच जागी पडतं. पाणी बारीक भोकांच्या झारीनं द्यायचं. जास्त झालं की रोपं बुडाशी कुजतात आणि माना टाकतात. रोप चार बोटं झालं की त्याचा शेंडा खुडायचा. इथं नवीन गिऱ्हाईक हमखास घाबरतं. पण शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात आणि फुलं दुप्पट येतात. पुढं फुलं सुकायला लागली की ती रोज काढायची. हंगामी झाडाला बी धरायची घाई असते. एकदा बी धरलं की ते फुलणं थांबवतं. सुकलेली फुलं काढत राहिलं की त्याला वाटतं अजून काम राहिलंय, आणि ते फुलत राहतं. आमचा निम्मा धंदा या फसवणुकीवर चालतो.

एका बंगल्यात सलग दोन वर्षं माझं पिटुनियाचं बी उगवलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, बी जुनं असेल. मी नवीन आणलं. तेही नाही. तिसऱ्या वर्षी पेरल्यावर मी वाफ्याशेजारी पोतं टाकून बसलो. अर्ध्या तासात मुंग्यांची रांग आली आणि एकेक दाणा उचलून पायरीखालच्या फटीत जायला लागली. वाफ्याभोवती राखेची रेघ ओढली तेव्हा कुठं रोपं दिसली. पुढच्या थंडीत त्या पायरीच्या फटीतून, कुणी न लावता, जांभळ्या पिटुनिया बाहेर आल्या. मुंग्यांनी नको असलेलं बी बाहेर टाकलं असावं. मालकीणबाईंनी ती फट आजतागायत बुजवू दिलेली नाही.

तर सांगायचा मुद्दा, कारण शोधायची मला सवय होती आणि त्या सवयीचा थोडा गर्वही होता. तो गर्व एका घरात उतरला. त्या घराबद्दल लिहितो.

प्रकाशराव रेल्वेच्या कचेरीत कामाला. त्यांच्या पत्नी स्वातीताई शाळेत शिक्षिका. मुलगी लग्न होऊन गेलेली. लोणावळ्यात बाजारापासून जरा आत त्यांचं छोटं घर, पुढं दोन वाफे होतील एवढं अंगण. प्रकाशरावांचे वडील गेले आणि त्यांनी आईला गावाहून आणलं. गाव आंदर मावळातलं, माझ्या टाकव्याच्याही पुढं, डोंगराला लागून. आईचं नाव हौसाबाई. वय ऐंशीच्या आसपास, पाठ जराशी वाकलेली, नजर मात्र घारीची.

पहिल्या दिवशी प्रकाशराव मला म्हणाले, "भाऊ, आईचं इथं मन लागत नाही. दिवसभर दारात बसून असते. तिला कुठलंतरी एक फूल हवंय म्हणते. काय ते विचारून लावा."

मी हौसाबाईंपुढं उकिडवा बसलो. "मावशी, कंचं फूल पायजे तुमाला?"

"भाकरीचं फूल."

"भाकरीचं? म्हंजी कसं आसतं?"

"लाल."

"केवढं?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून एक गोल दाखवला. मग म्हणाल्या, "तुमी सकाळचं येता. सकाळी काय दिसनार हाय?"

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलण्याच्या ओघात बोलतंय. त्यांनी मला पहिल्याच दिवशी अर्धं उत्तर दिलं होतं. ते मला कळायला जवळजवळ वर्ष लागलं.

भाकरीचं फूल म्हणजे भाकरीसारखं गोल, असं मी धरून चाललो. बोटांचा गोल लहान होता, पण माणूस आठवणीतली गोष्ट लहानमोठी करतोच. दसऱ्यानंतर मी लाल झिनिया लावला. चांगला बशीएवढा फुलला. हौसाबाईंनी पाहिला आणि मान हलवली. "ह्यो न्हवं." मग गैलार्डिया. "न्हवं." लाल सूर्यफुलाची एक जात मिळते, ती खास मागवून लावली. तिच्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, जमलं. त्या म्हणाल्या, "लय झ्याक हाय. पन ह्यो न्हवं."

टाकव्यात मी बायकोला विचारलं, चुलत्यांना विचारलं, बसस्टँडवर आंदर मावळातून येणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं. भाकरीचं फूल कुणी ऐकलं नव्हतं. मला वाटायला लागलं की असं फूलच नाही.

त्या घरात मी आठवड्यातून दोनदा जायचो, सकाळी आठला आणि साडेदहा-अकराला निघायचो. तेव्हा नवरा-बायको दोघंही कामावर गेलेले असत. हौसाबाई दारात बसून माझं काम बघायच्या. त्यांचं बोलणं मला कधी विसंगत वाटलं नाही. भाताच्या जाती, कुठल्या खाचरात पाणी टिकतं, कुठल्या बैलाला कसं हाकायचं, सगळं मुद्देसूद. पण एक गोष्ट विचित्र होती. मी हातपाय धुवून निघालो की त्या लगेच आत जाऊन जेवायला बसायच्या. साडेदहा असोत की अकरा. एकदा मी विचारलं, "एवढ्या लवकर जेवता मावशी?" त्या म्हणाल्या, "भूक लागली." आणि दार लावून घेतलं.

त्यांना साखरेचा आजार होता. दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास एक गोळी घ्यायची होती. स्वातीताई डब्यात जेवण आणि वाटीत गोळी ठेवून जायच्या. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. "आई, बाराला गोळी, साडेबाराला जेवण," असं त्या रोज सांगून निघायच्या. संध्याकाळी आल्यावर कधी डबा तसाच, कधी गोळी तशीच. विचारलं की हौसाबाई म्हणायच्या, "इसरले."

माघात त्या एकदा गोळी घेऊन बराच वेळ उपाशी राहिल्या आणि चक्कर येऊन अंगणात पडल्या. शेजारच्या बाईंनी पाहिलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, वयानुसार विस्मरण होतंय, एकटं ठेवू नका. दिवसभराची बाई बघितली, दोघी आल्या आणि गेल्या. शेवटी तळेगावच्या एका वृद्धाश्रमात खोली पाहून ठेवली. दिवाळीनंतर रिकामी होणार होती.

प्रकाशराव हे मला अंगणात उभे राहून सांगत होते. सांगताना माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिला बघता दिवसा. तुम्हाला काय वाटतं? डोकं ठिकाणावर आहे का तिचं?"

मी झिनियाची सुकलेली फुलं खुडत होतो. मला ते तीन वेळचं 'न्हवं' आठवलं. म्हणालो, "जे फूलच नाही ते मागत्यात. वयच झालंय."

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. एका माणसाला घरात ठेवायचं की नाही असा विषय असताना, माझं एक फूल मला सापडत नव्हतं म्हणून मी त्या माणसालाच खोटं ठरवलं. बत्तीस वर्षांत माझ्या हातून रोपं पुष्कळ मेली, पण त्याची इतकी लाज मला कधी वाटली नाही.

पावसाळ्यात माझं लोणावळ्याचं काम कमी असतं. भाद्रपदात, गौरींच्या दोन दिवस आधी, मी बहिणीकडं गेलो. तिचं गाव हौसाबाईंच्या गावाच्या अलीकडचं. बस अर्ध्या वाटेपर्यंतच, पुढं चालत. सकाळी पोचलो तेव्हा भावोजी खाचरात तण काढायला गेले होते. मी बांधाबांधानं जाऊन त्यांना भेटलो आणि घरी परतलो. बहीण भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "दादा, माझा पाय मुरगळलाय. तेवढी भाकरी पोचवतोस का त्यांना?"

फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन मी पुन्हा त्याच बांधानं निघालो. पाऊस थांबला होता, पण ढग असे दाटलेले की सकाळ आहे की संध्याकाळ ते कळू नये. आणि बांधाच्या कडेला, जिथून मी तीन तासांपूर्वी गेलो होतो, तिथं लालभडक फुलं उभी होती. दहा-बारा झाडं, कमरेएवढी, लांबट कातरलेली पानं. फूल पाच पाकळ्यांचं, किंचित खाली झुकलेलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून जेवढा गोल होतो, तेवढं.

मी तिथंच थांबलो. सकाळी इथं काही नव्हतं. मी माळी आहे, एवढं लाल माझ्या नजरेतून सुटणार नाही. झाडं होती, ती तण म्हणून मी ओलांडली होती.

भावोजी लांबून ओरडले, "भाकरी आनताय का न्हाई?"

मी गेलो आणि त्यांना ती झाडं दाखवली. ते म्हणाले, "दुपारी म्हनत्यात त्याला. दुपारचीच फुलती. आदी लय आसायची बांधाला. आता समदे औषध मारत्यात, ऱ्हायलीच न्हाई. ह्या बांधाला मी मारत न्हाई म्हून हाय."

"सकाळी मी हितनंच गेलतो."

"सकाळी कशी दिसतील? बाराला उमालत्यात. आमची आय ही फुलली की भाकरी घिऊन निघायची. पावसात सूर्व्य कुटं दिसतोय? मग टाइम कसा कळायचा बाईमानसाला?"

मी हातातलं फडकं त्यांच्यापुढं ठेवलं आणि बांधावर बसलो. भाकरीचं फूल म्हणजे भाकरीसारखं नव्हतंच. ते भाकरीच्या वेळेचं होतं.

दोन झाडं मुळांभोवतीच्या मातीसकट उपटून, गोणपाटात गुंडाळून मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. उजाडल्यावर पाहिलं, आदल्या दिवशीची फुलं गळून गोणपाटात पडली होती. पाकळ्या विखुरल्या नव्हत्या, अख्खीच्या अख्खी फुलं, कुणी खुडून ठेवल्यासारखी. झाडावर फक्त मिटलेल्या कळ्या.

लोणावळ्याला पोचायला साडेनऊ झाले. हौसाबाई दारात होत्या. मी वाफ्यात दोन्ही झाडं लावली, पाणी घातलं. त्या उठून आल्या, वाकल्या आणि एका पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कुटं गावलं?"

"बहिणीच्या गावाला. बांधावर."

"आता थांबा."

दुसऱ्या बंगल्यावर मला दहाला जायचं होतं. मी गेलो नाही. पायरीवर बसलो. भुरभुर पाऊस सुरू झाला, धुकं अंगणात शिरलं. मी मनात म्हणत होतो, उपटून आणलेलं झाड, प्रवासानं दमलेलं, आज कशाला फुलतंय. अकरा वाजले. साडेअकरा. एका कळीचं टोक सैल झालं. मी वाकून बघत होतो, पण पाकळी हलताना काही दिसत नाही. नजर जरा बाजूला गेली की ती थोडी आणखी उघडलेली असते. बाराला पाच-सात मिनिटं कमी असताना फूल पूर्ण उमललं.

हौसाबाई त्याच्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर फार काही उमटलं नाही. त्या म्हणाल्या, "बारा झालं. गोळी घ्याला पायजे." आत गेल्या, गोळी घेतली. मग मला स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याचा आवाज ऐकू आला.

"मावशी, डब्यात जेवण हाय ना तुमचं."

"माझं हाय. तुमचं कुटं हाय?"

त्यांनी माझ्यासाठी दोन भाकऱ्या केल्या, ठेचा वाटला. आम्ही दोघं जेवायला बसलो. समोर भिंतीवर ते मोठं घड्याळ. माझा घास हातातच राहिला.

"मावशी, घड्याळ हाय की घरात."

त्या खाली बघून जेवत राहिल्या. घास मोडत म्हणाल्या, "त्यातलं मला काय कळतंय?"

मग हळूहळू बोलल्या. गावाला उंबऱ्यावरचं ऊन बघून वेळ कळायची, पावसात हे फूल. इथं समोरच्या इमारतीनं ऊन अडवलेलं. थंडीत जरा अंदाज यायचा, ढग आले की काहीच नाही. "तुमी जाता त्या दिवशी मी जेवते. मानूस जेवायच्या वक्ताला घरी जातं, आसं धरून. बाकीच्या दिवशी कळत न्हाई. भूक तर आता तशीबी लागत न्हाई."

"मग सूनबाईला सांगायचं."

"ती शाळंत पोरांना घड्याळ शिकवती. तिला काय सांगू, मला येत न्हाई? इसरले म्हनलं की भागतं." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी बी सांगू नका."

मी हो म्हणालो. दुपारभर दुसऱ्या बागेत काम केलं आणि संध्याकाळी परत त्या घरी गेलो. स्वातीताई नुकत्याच आल्या होत्या. त्यांना फाटकाबाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. शब्द दिला होता, तो मोडला. दिवाळीनंतर रिकामी होणारी ती खोली माझ्या डोळ्यांसमोर होती आणि त्या खोलीला माझाही हात लागलेला होता.

स्वातीताई फाटकाला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी रोज काय सांगून जायचे, भाऊ? बाराला गोळी, साडेबाराला जेवण. रोज. दोन वर्षं." मग पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

हौसाबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आलो की पाठ फिरवून बसायच्या. मी फुलांचं काम करायचो आणि जायचो. पण आतलं मला शेजारच्या बाईंकडून कळत होतं. स्वातीताईंनी पुठ्ठ्याचं एक घड्याळ केलं होतं, काटे हातानं फिरवायचे. संध्याकाळी सासू-सून ते मांडीवर घेऊन बसायच्या. शिकवताना स्वातीताईंनी एक चांगलं केलं. त्या म्हणाल्या, "आई, आधी तुम्ही मला ते फूल शिकवा. ते किती वाजता उमलतं ते आपण लिहून ठेवू." मग दुपारी शेजारच्या बाई आणि हौसाबाई मिळून फूल उमललं की पुठ्ठ्याचे काटे भिंतीवरच्या घड्याळासारखे लावून ठेवायच्या आणि संध्याकाळी स्वातीताई ते वाचून घ्यायच्या. त्या वेळा मीही माझ्या कॅलेंडरवर उतरवायला लागलो. स्वच्छ ऊन असलं की साडेअकराच्या पुढं, ढग असले की बाराच्या आसपास, मुसळधार असलं की पाऊण-एक. असं का होतं म्हणून मी शेतकी शाळेतल्या एका मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, त्या वेळेला येणाऱ्या कुठल्यातरी किड्याशी त्याचं जमलेलं असणार, पण नक्की त्यांनाही सांगता आलं नाही. ते कोडं माझ्याकडं अजून तसंच आहे.

एक दिवस हौसाबाईंनीच अबोला सोडला. मी फाटक उघडलं तर म्हणाल्या, "आट वाजून धा मिंटं. आज उशीर केला."

घड्याळ त्या आठवड्याभरात शिकल्या होत्या. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी प्रकाशरावांना विचारलं, कुणी बाई ठेवली का? तळेगावची खोली त्यांनी फोन करून नको म्हणून कळवली. मला हे सांगताना ते म्हणाले, "भाऊ, तुम्हीही तेव्हा म्हणाला होतात की वय झालंय." मी म्हणालो, "व्हय, म्हणालो होतो."

कार्तिक संपता संपता झाडं वाळली. हौसाबाईंनी बोंडं स्वतः खुडली, उन्हात वाळवली आणि काळसर बी कागदाच्या पुड्यांत बांधलं. दोन पुड्या मला दिल्या. मी त्या माझ्या बंगलेवाल्यांना वाटल्या. त्यातल्या एका मुंबईच्या बाईंनी पुढच्या पावसाळ्यात फोन करून सांगितलं, तुमचं बी फुलतच नाही. त्या शनिवारी संध्याकाळी येतात आणि वाहनांची गर्दी टाळायला रविवारी सकाळीच निघतात. मी म्हणालो, "ताई, एकदा जेवून निघा." अजून तरी त्या निघतात सकाळीच. बंगल्यावर राहणारी बाई मात्र मला दर वर्षी सांगते की यंदा लय फुललं होतं.

दुपारीचं बी पेरायचं ते पावसाच्या तोंडावर, ज्येष्ठात. त्या ज्येष्ठात, हौसाबाई घड्याळ शिकल्याला आठ-नऊ महिने झाले असतील, दुपारी अडीचच्या सुमाराला मला स्वातीताईंचा फोन आला. मी लोणावळ्यातच दुसऱ्या बागेत होतो.

"भाऊ, मी आज शाळेतून लवकर आले, तर आई घरात नाहीत. कुलूप लावून किल्ली शेजारी दिलीय. शेजारच्या म्हणतात, सकाळी आठच्या आधीच गेल्या. तुमच्याकडे आल्यात का?"

मी खुरपं टाकून धावलो. प्रकाशराव कचेरीतून आले होते. बाजार, मंदिर, दवाखाना सगळं बघून झालं होतं. ते पोलीस चौकीत जायला निघाले होते आणि स्वातीताईंवर चिडत होते, तुझ्या त्या घड्याळानं काय फरक पडला म्हणून. मी आत गेलो. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला बियांच्या पुड्यांची पिशवी टांगलेली असायची. खिळा रिकामा होता.

"गावाला गेल्यात," मी म्हणालो. "बी टाकायला."

प्रकाशराव माझ्याकडं बघत राहिले. "एकटी? तिला वाचता येत नाही. स्टेशनचं नाव कसं कळणार?"

"कान्हे तिसरं स्टेशन. मोजता येतं की त्यांना."

गावात फोन लावायचा तर रेंज नाही. प्रकाशराव मोटरसायकल काढत होते. मी म्हणालो, वाटेत चुकामूक होईल, त्यापेक्षा स्टेशनवर जाऊन उभे राहू. आम्ही तिघं प्लॅटफॉर्मवर गेलो. पुण्याकडून एक लोकल आली, त्यात त्या नव्हत्या. दुसरी आली, तिच्यातही नव्हत्या. प्रकाशराव बाकावर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होते. आणि गेल्या वर्षभरात हौसाबाईंना गावाकडच्या बसच्या वेळा सांगत आलो होतो तो मीच. त्या सहज विचारायच्या, मी सहज सांगायचो.

तिसऱ्या लोकलमधून हौसाबाई उतरल्या. पायाला लाल माती, काखेत रिकामी पिशवी. आम्हाला बघून त्या जागीच थांबल्या.

प्रकाशरावांचा आवाज चढला. "आई, सांगून जायचं नाही? आम्ही काय समजायचं?"

"सांगितलं आसतं, तर जाऊ दिलं आसतं का?"

प्रकाशराव बाजूला जाऊन रुळांकडं बघत उभे राहिले. हौसाबाई मला म्हणाल्या, "आपल्या बांधाला टाकलं समदं. दिराच्या सुनंला सांगून आले, हितं औषध मारायचं न्हाई म्हून."

स्वातीताईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज वर्गात असतो तसा ठेवून त्यांनी विचारलं, "कान्ह्याहून गाडी किती वाजताची होती, आई?"

हौसाबाईंनी जरा आठवलं. "ल्हान काटा पाचाच्या म्होरं, मोठा चारावर. पाच वाजून वीस." मग पदर सावरत म्हणाल्या, "पन ती आली साडेपाचला. गाडीलाच कुनी शिकवलेलं दिसत न्हाई."